अडतिसावी पायरी

निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली. मोठमोठ्या गुन्ह्यांचे तपशीलही आता एकमेकांत मिसळतात. पण एका सकाळी पोलीस ठाण्यात आलेल्या एक बाई आणि त्यांच्या पिशवीतली वही मात्र जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहते.

मी तेव्हा पुण्यातल्या पेठांमधल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती आणि बंदोबस्ताची वाटणी चालू होती. पासष्टीच्या त्या बाई मंडईतून थेट ठाण्यात आल्या. पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती. ठाणे अंमलदाराला त्यांनी विचारलं, "माझ्या नवऱ्याला पर्वती चढायला बंदी करायची आहे. अर्ज कुठे द्यायचा?"

अंमलदार म्हणाला, "आजी, पर्वती चढणं हा गुन्हा नाही."

"आजी म्हणू नका. मला एक नातू आहे, आणि तो तुमच्यापेक्षा नीट ऐकून घेतो."

मी दारातच उभा होतो. हसू दाबून त्यांना आत बोलावलं. खरं सांगतो, मलाही हे घरगुती प्रकरण वाटलं. चहा पाजायचा, चार समजुतीचे शब्द सांगायचे आणि वाटेला लावायचं, एवढाच माझा बेत होता. पोलिसांची ही जुनी खोड आहे. ज्या तक्रारीत कलम दिसत नाही ती तक्रारच नव्हे, असं आम्ही धरून चालतो.

काकूंनी वही माझ्या टेबलावर ठेवली आणि सगळं क्रमाने सांगितलं. त्यांचे यजमान हवामान खात्यात निरीक्षक होते. चौतीस वर्षं त्यांनी तापमान, वारा आणि पाऊस यांच्या नोंदी ठेवल्या. निवृत्तीनंतर रोज सकाळी पर्वती चढायची सवय लावून घेतली. दोन वर्षांपूर्वी चढताना छातीवर दाब येऊ लागला. सरकारी रुग्णालयात तपासणी झाली. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांत अडथळे निघाले, ज्यांना आपण सगळे 'ब्लॉक' म्हणतो. तिथल्या डॉक्टरबाईंनी ऑपरेशनची घाई केली नाही. रोजच्या गोळ्या दिल्या, छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची एक वेगळी गोळी दिली, चालणं चालू ठेवायला सांगितलं आणि त्रास वाढला तर त्याच दिवशी या, असं बजावलं. काकांची तब्येत सुधारली. मग वर्तमानपत्रातून एका उपचार केंद्राचं पत्रक घरात आलं आणि काकांनी गोळ्या बंद केल्या.

मी वही उघडली. प्रत्येक दिवसाला एक ओळ होती. तारीख, वेळ, तापमान, वाऱ्याची दिशा आणि शेवटच्या रकान्यात कितव्या पायरीला छातीत दुखलं तो आकडा. पर्वतीच्या पायऱ्या शंभराच्या थोड्या वर. सुरुवातीची कितीतरी पानं 'पूर्ण, त्रास नाही' अशी होती. मग एका ओळीत, 'गोळ्या बंद. केंद्रात पहिलं सलाईन.' त्यानंतर आठवड्यागणिक आकडा उतरत गेला. अठ्ठ्याऐंशी. एकोणऐंशी. एकाहत्तर. साठ. बावन्न. पंचेचाळीस. आदल्या दिवशीचा आकडा होता अडतीस. अक्षर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सारखंच वळणदार होतं.

"मला विज्ञान कळत नाही," काकू म्हणाल्या. "पण खाली येणारा आकडा कळतो. हे घरात कुणाचं ऐकत नाहीत. म्हटलं, वर्दी बघून तरी ऐकतील."

पत्रक त्यांनी वहीतच ठेवलं होतं. 'शस्त्रक्रियेविना ब्लॉक साफ. बायपास टाळा. आयुष्यभराच्या गोळ्यांतून मुक्ती.' माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. कामगारांची पत्रकं वाचतच मी अक्षरं शिकलो. वडिलांनी एक गोष्ट लहानपणीच शिकवली होती. पत्रक हातात आलं की आधी तळाला बघ. जो म्हणतो त्याने नाव घातलं आहे का? तळाला नाव नसेल तर वरच्या ओळींवर भरवसा ठेवू नकोस. या पत्रकाच्या तळाला ना नाव होतं, ना छापखाना. एक मोबाईल क्रमांक आणि बुधवार पेठेतला दुसरा मजला, बस्स. माझं डोकं तापलं. आमच्या घरात पत्रक म्हणजे माणसाला जागं करण्याचं साधन होतं. इथे ते आजारी माणसाच्या भीतीवर लावलेलं सापळ्याचं आमिष होतं.

दुपारी साध्या वेशात मी काकांच्या घरी गेलो. बरोबर आमच्या हवालदारबाई होत्या. त्यांच्याविषयी पुढे सांगणार आहेच. काका गॅलरीत बसले होते. भिंतीवर तापमापक लटकत होता. आम्हाला बघून ते उठले, पण खुर्चीपासून दारापर्यंत येताना मध्ये एकदा थांबले.

"फिर्याद वगैरे मी देणार नाही," ते म्हणाले. "मला कुणी फसवलेलं नाही. आणि आपल्याला चहा चालेल ना?"

मी पायऱ्यांच्या आकड्यांबद्दल विचारलं. त्यांनी शांतपणे समजावलं की सलाईनमुळे वाहिन्यांमधला मळ आधी सैल होतो, त्या काळात त्रास वाढतो आणि मग एक दिवस सगळं मोकळं होतं. म्हणून चढणं सोडायचं नाही, असं केंद्रातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

सेवेत मी पुष्कळ थापा ऐकल्या, पण इतकी दुष्ट थाप क्वचितच ऐकली असेल. साधी थाप कधी ना कधी उघडी पडते. या थापेने ती वाटच बंद केली होती. दुखणं वाढलं की औषध लागू पडतंय, आणि माणूस दगावला तर हृदयरोगीच होता बिचारा. खोटेपणाचा प्रत्येक पुरावा इथे खरेपणाचा पुरावा ठरत होता.

"पण काका, तुमची वही काय सांगते?"

"वही काही सांगत नसते. निरीक्षकाने नोंद करायची. अंदाज वर्तवणं त्याचं काम नव्हे. ते काम करणारी माणसं वेगळ्या खोलीत बसतात. चौतीस वर्षं मी ही रेघ ओलांडली नाही."

तेव्हा मला उलगडा झाला. हा माणूस भोळा नव्हता, आळशीही नव्हता. आपलं ढासळणं तो रोज अचूक लिहीत होता, आणि त्याचा अर्थ लावण्याचं काम शिस्तीने दुसऱ्या खोलीवर सोपवत होता. फक्त यावेळी त्या दुसऱ्या खोलीत लबाड बसला होता.

पोलिसी खाक्या इथे कामाचा नव्हता. मी वही त्यांच्यासमोर धरली आणि शेवटचा रकाना सोडून बाकी सगळं हाताने झाकलं.

"काका, हे छातीचे आकडे आहेत हे विसरा. खडकवासल्याची पातळी आहे असं समजा. रोजची. काय म्हणाल?"

त्यांनी चष्मा लावला. अठ्ठ्याऐंशीपासून अडतीसपर्यंत बोट फिरवलं. पुन्हा वर नेलं, पुन्हा खाली आणलं. आतल्या खोलीत मेथी निवडणाऱ्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"म्हणेन," काका हळूच म्हणाले, "की धरण आटतंय."

"आणि पुढच्या आठवड्यात?"

ते उठले, खुंटीवरचा सदरा घातला आणि काकूंना म्हणाले, "जुने केसपेपर काढ."

आमची जीप कोपऱ्यावर होती. पोलिसांच्या गाडीत बसायला ते जरा बिचकले. शेजारी काय म्हणतील, असं पुटपुटले. काकू म्हणाल्या, "म्हणू देत. आपण इतकी वर्षं त्यांना बोलायला काही दिलंच नाही."

रुग्णालयात त्याच डॉक्टरबाई भेटल्या. बाहेर व्हरांड्यात रांग होती. बाकांवर खेड्यापाड्यांतून आलेली माणसं बसली होती. तरीही बाईंनी वहीचं प्रत्येक पान वाचलं. कार्डिओग्राम काढला, रक्त तपासायला पाठवलं आणि काकांना तिथल्या तिथे दाखल करून घेतलं. कमी कमी श्रमात छातीत दुखू लागणं ही झटक्याआधीची सूचना असू शकते, आणि अशा रुग्णाला जिना चढायला लावणं म्हणजे जिवाशी खेळ, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. आणखी आठ दिवस गेले असते तर, हे वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

काकांना त्या रागावतील, असं मला वाटलं होतं. काकांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते आधीच म्हणाले, "मला ऑपरेशन नको होतं, म्हणून गेलो मी तिकडे."

बाई स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसल्या. "ऑपरेशन नको वाटणं यात काही चूक नाही. पण मागचा केसपेपर बघा. मी ऑपरेशन कुठे लिहिलं होतं? गोळ्याच लिहिल्या होत्या ना? ऑपरेशनशिवायचा उपचार तो हाच. तुमच्याच खिशात होता."

पुढच्या दोन दिवसांत मी त्यांच्याकडून जे शिकलो, ते प्रत्येक घरात माहीत असायला हवं. वाहिनीत वर्षानुवर्षं साठलेला थर सलाईनने धुऊन निघत नाही. गोळ्यांचं काम वेगळं असतं. एक गोळी हृदयावरचा भार हलका करते, एक रक्ताची गुठळी होऊ देत नाही, एक चरबी कमी करते आणि थर फुटू नये म्हणून जपते. पुष्कळ रुग्ण एवढ्यावर, तंबाखू सोडून, खाणं सांभाळून आणि डॉक्टरांनी आखून दिलेलं चालणं करून वर्षानुवर्षं नीट जगतात. तरीही दुखत राहिलं तर मनगटातल्या किंवा मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून अडथळ्याच्या जागी फुगा फुगवतात आणि तिथे जाळी बसवतात. त्यासाठी छाती उघडावी लागत नाही. ज्यांना हेही करता येत नाही, अशा काही निवडक रुग्णांना पायांना पट्टे बांधून दाब देणाऱ्या यंत्राचा थोडा आराम पडतो, पण तेही डॉक्टरांच्या देखरेखीत, आणि ते यंत्रसुद्धा ब्लॉक धूत नाही. काहींना मात्र बायपासच लागतं, आणि त्यांना तसं स्पष्ट सांगणं हाही प्रामाणिकपणाच. "कुणाला काय लागेल ते तपासणीनंतर ठरतं," बाई म्हणाल्या. "पत्रकावरून ठरत नाही. आणि चालू गोळ्या आपल्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. एवढं जरी लोकांनी ऐकलं तरी माझा निम्मा वॉर्ड रिकामा होईल."

काकांच्या मनगटातून नळी घातली, एका वाहिनीत जाळी बसवली आणि बाकीचे अडथळे गोळ्यांवर ठेवले. बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या, आवाज न चढवणाऱ्या त्या बाईंना मी मनातल्या मनात सॅल्यूट केला. आम्हाला खांद्यावरच्या पट्ट्या दाखवाव्या लागतात. त्यांना त्याची गरज पडत नाही.

तिसऱ्या दिवशी काकांनी मला बोलावून घेतलं. "फिर्याद लिहून घ्या," ते म्हणाले. "मी फसलो, असंच लिहा. सौम्य शब्द घालू नका." पुण्यात एखाद्याचं पाकीट मारलं गेलं तर तो ठाण्यात येतो. पण शिकलेला, निवृत्त, सोसायटीच्या सभेत चार लोकांना नियम सांगणारा माणूस मूर्ख बनला, तर तो ते बायकोलाही सांगत नाही. त्या लबाडाचा सगळा धंदा या अभिमानावर उभा होता. काकांनी तो स्वतःहून उतरवून ठेवला. माझ्या लेखी ते धाडसच होतं.

आम्ही महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याला आणि दोन पंचांना घेऊन छापा घातला. दुसऱ्या मजल्यावर चार खाटा होत्या, चारही भरलेल्या. पांढऱ्या कोटातला माणूस पंचेचाळिशीचा, बोलायला गोड. भिंतीवरची पदवी बनावट निघाली. पण नुसती बनावट पदवी मला पुरेशी वाटत नव्हती. फसवणूक सिद्ध करायची तर हेतू दाखवावा लागतो. मी जे देतोय त्याने बरं वाटतं असा माझा प्रामाणिक समज होता, असं तो न्यायालयात म्हणाला असता, तर मूर्ख ठरून सुटला असता.

आणि इथे आमच्या हवालदारबाई कामाला आल्या. छाप्याच्या पंचनाम्यात सगळे शेवटी 'इतर किरकोळ वस्तू' असं लिहून मोकळे होतात. या बाई कधीच तसं लिहीत नसत. त्यावरून बरोबरचे शिपाई त्यांना टोमणे मारायचे. एकदा मीही म्हटलं होतं, आवरा आता. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "साहेब, 'इतर' नावाची वस्तू मी आजवर पाहिलेली नाही." त्या दिवशीही त्यांनी तीन तास खुर्च्यांपासून पेनांपर्यंत एकेक वस्तू पंचांना दाखवून लिहिली.

चौकशीत तो डगमगला नाही. माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, "साहेब, तुम्हीही एकदा तपासून घ्या. या नोकरीत ताण फार." एकाही रुग्णावर जबरदस्ती केली नाही, सगळे समाधानी आहेत, गोळ्या बंद करा असं कुणालाही लिहून दिलेलं नाही, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. ते खरंच होतं. लिहून त्याने कधीच दिलं नव्हतं. काकांच्या फाईलमध्ये त्याने 'चढ सहज, प्रगती उत्तम' असं लिहिलं होतं. त्याच तारखेला काकांच्या वहीत बावन्नावी पायरी होती. मी दोन्ही शेजारी ठेवली. तो म्हणाला, म्हाताऱ्या माणसाची वही, मोजण्यात चूक झाली असेल. चौतीस वर्षं नोंदी करणाऱ्या माणसाबद्दल हे ऐकून मला टेबल उलटावंसं वाटलं. मी हात मांडीवर ठेवले.

हवालदारबाईंनी पंचनाम्याची प्रत माझ्याकडे सरकवली. एका ओळीवर त्यांचं बोट होतं. मी ती ओळ मोठ्याने वाचली. आरोपीच्या टेबलाचा डावा खण: हृदयरोगाच्या गोळ्यांची वापरात असलेली तीन पाकिटं, जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची एक डबी, आणि शहरातल्या एका रुग्णालयाच्या हृदयरोग विभागाचा आरोपीच्याच नावाचा केसपेपर, शेवटची तपासणी छाप्याच्या नऊ दिवस आधीची.

मी पंचनामा खाली ठेवला.

"तुमच्या केंद्रात सलाईनच्या बाटल्या ढिगाने आहेत," मी म्हणालो. "एक स्वतःला का नाही लावली?"

त्याने पाणी मागितलं. प्याला खाली ठेवला आणि अगदी साध्या सुरात म्हणाला, "मला झटका येऊन गेलाय, साहेब. मी गोळ्या कशा सोडणार?"

पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालत नाही. खणातला केसपेपर चालतो. दुसऱ्यांना ज्या गोळ्या तो विष म्हणून टाकायला लावत होता, त्याच तो सकाळ-संध्याकाळ स्वतः घेत होता. हेतू सिद्ध करायला याहून बोलका कागद मला सेवेत दुसरा मिळाला नाही. पुढे खटला चालला आणि त्याला शिक्षा झाली. पण त्यासाठी साक्षीदार हवे होते, आणि रुग्ण पुढे यायला तयार नव्हते. फोन केला की म्हणायचे, आम्ही कधी गेलोच नाही तिकडे.

ते काम काकांनी केलं. घरी आल्यावर त्यांनी एक पत्रक छापून घेतलं. वर उपदेश नाही, मथळा नाही. वहीतल्या तारखा आणि समोर पायऱ्यांचे आकडे. खाली एक ओळ: 'मी या केंद्रात गेलो होतो. मी गोळ्या बंद केल्या. मी फसलो. आपणही फसला असाल तर फिर्यादीत माझ्या नावाशेजारी आपलं नाव यावं.' आणि तळाला पूर्ण नाव, पत्ता, छापखाना. चढायची परवानगी अजून नव्हती, म्हणून पर्वतीच्या पायथ्याला खुर्ची टाकून ते सकाळी पत्रकं वाटत बसायचे. काकू शेजारी उभ्या असायच्या. कुणी टिंगल केली तर उत्तर त्या द्यायच्या, आणि तो माणूस दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाटेने यायचा. पंधरा दिवसांत अकरा जण माझ्या ठाण्यात आले. त्यातले बरेचसे ते पत्रक हातात धरूनच. गोळ्या पुन्हा सुरू करायला ते आधी डॉक्टरबाईंकडे गेले होते, मग माझ्याकडे. क्रम बरोबर होता.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर मी सांगतो की पुरावा बहुतेक वेळा घरातच असतो, कुणीतरी प्रामाणिकपणे लिहून ठेवलेला असतो. तो वाचायचा अधिकार आपण परक्याच्या हाती देतो, तिथे लबाडाचं फावतं. भीती विकणाऱ्या माणसाला मी आजही क्षमा करू शकत नाही. आणि ज्यांनी त्याला हरवलं त्यांच्याकडे बघा: अर्ज कुठे द्यायचा असं विचारणारी एक बायको, आवाज न चढवणारी एक डॉक्टर, 'इतर' न लिहिणारी एक हवालदार, आणि स्वतःची चूक आपल्या नावानिशी छापणारा एक निरीक्षक.

काही महिन्यांनी डॉक्टरबाईंनी काकांना पर्वती चढायची परवानगी दिली. हळू, अधूनमधून थांबत, जिभेखालची गोळी खिशात ठेवून. पहिल्या दिवशी मी बरोबर गेलो. पायऱ्या ते मनातल्या मनात मोजत होते, ओठ हलताना दिसत होते. एका पायरीवर ते थांबले. मी पुढे होऊन विचारलं, "काका, दुखतंय?"

"नाही," ते म्हणाले. "अडतिसावी आहे. जरा बघून घेतो."

त्यांनी खिशातून वही काढली. वेळ लिहिली, वाऱ्याची दिशा लिहिली. पेन तसंच धरून वरच्या पायऱ्यांकडे पाहिलं.

"काय लिहिताय?"

"अंदाज," काका म्हणाले आणि शेवटच्या रकान्यात, वर पोहोचण्याआधीच, त्यांनी लिहिलं: 'पूर्ण.'

मग आम्ही चढू लागलो.